चापाचे वजन

मालवणच्या धक्क्यावर सायंकाळी गरी टाकून बसलेल्या माणसाकडे लक्षपूर्वक पाहिले, तर दोरीचा सारा कारभार त्याने तर्जनीच्या पहिल्या पेरावर सोपविलेला आहे, असे दिसून येते. पाण्याखाली मासा आमिषाला नुसता तोंड लावून गेला, की दोरी खडकाला घासली, की ओहोटीच्या ओढीने ती ताणली गेली, या तिन्हींचा निवाडा तेवढ्याशा कातडीवर होत असतो, आणि खरा मासा लागला म्हणजे हिसका देण्यासाठी हात मनाच्या हुकुमाची वाट पाहत थांबत नाही. स्पर्धेतील नेमबाजाचे बोट पिस्तुलाच्या चापावर जे काम करते, ते याच जातीचे आहे. भेद एवढाच, की गरविणाऱ्याला अखेरीस हिसका द्यावाच लागतो आणि नेमबाजाने तो कधीही द्यावयाचा नसतो. चापाचे वजन किती असावे, हा प्रश्न वरवर पाहता मोजमापाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी बोटाला काय कळावे आणि बोटाने काय करू नये, हीच विचारणा आहे, आणि म्हणून वजनकाट्यापूर्वी मी वाचकाला धक्क्यावर घेऊन आलो.

संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत बंदुकीच्या ज्या भागावर बोट ठेवून ती उडवितात, त्या भागाला हे नाव मिळाले. आणि 'चाप लावणे' या वाक्प्रचारात तर त्याचा अर्थ आवर घालणे असा झाला. सोडणे आणि आवरणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दाच्या पोटात राहाव्यात, हे या यंत्राच्या स्वभावाला धरूनच आहे; कारण चाप हा ताणलेल्या स्प्रिंगेला किंवा कोंडलेल्या हवेला अडवून धरणारा पहारेकरी असतो, आणि तो पहारा किती भाराने उठावा, हे ज्या आकड्याने सांगतात, त्याला चापाचे वजन म्हणावयाचे. नेमबाजीच्या दालनात लहानथोर सर्वच 'ट्रिगर' म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन. पिस्तूल उभे, नळी आकाशाकडे करून धरले आणि चापाला एक वजन टांगले, तर जेवढ्या वजनाने चाप सुटेल तेवढे त्याचे वजन, अशी ही साधी व्याख्या आहे.

आमच्या जिल्ह्याला बंदूक अपरिचित नाही. १६६४ साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि ज्याच्या पायात शिसे ओतले गेले अशी परंपरा सांगते, त्या सिंधुदुर्गाच्या काळातील तोड्याच्या बंदुकीत चाप म्हणजे एक कांब असे, आणि ती दाबली की पेटती जामगी हळूहळू खाली येऊन रंजकाला टेकत असे. त्या बंदुकीचा नेमबाज बार केव्हा उडेल हे नेमके सांगू शकत नसे. जामगी टेकल्यानंतर बार उडेपर्यंत नळी स्थिर धरून ठेवणे, हेच त्याचे कौशल्य. आजही गावोगावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून भात, नारळ, काजू राखण्यासाठी त्या दिल्या जातात, आणि निवडणुका जाहीर झाल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. त्या बंदुकीचा चाप किती भाराने सुटतो, हे कोणी मोजलेले नसते. मध्यरात्री मळ्यात अंधुक हालचाल दिसते, आणि माणूस चाप खेचतो. बालपणापासून हे पाहिलेली मुले माझ्याकडे हवेचे पिस्तूल शिकावयास येतात, तेव्हा खेचण्याची ती सवय त्यांच्या बोटांत उतरलेली असते, आणि ती मोडण्यात माझे पहिले दोन महिने जातात.

आता नियमांकडे वळू. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमपुस्तकात १० मीटर हवाई पिस्तुलाच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या पिस्तुलाचे किमान १००० ग्रॅम मुक्रर केलेले आहे. २५ मीटरच्या प्रकारांतही मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाला पूर्वी १३६० ग्रॅमची अट होती. हा विचित्र आकडा म्हणजे तीन पौंडांचे ग्रॅममध्ये केलेले रूपांतर होय. पुढे तीही अट १००० वर आणण्यात आली. कमाल मर्यादा कोणत्याही प्रकारात नाही. रायफलीच्या ऑलिंपिक प्रकारांना तर वजनाची अटच नसते, आणि म्हणून अंजली भागवत यांच्यासारख्या रायफलपटूंचा ट्रिगर व पिस्तूलधारकाचा ट्रिगर ही दोन वेगळी जगे आहेत: रायफल दोन हातांनी धरून खांद्याशी टेकवलेली, खास कोटाच्या आधाराने स्थिर केलेली, तर पिस्तूल लांब पसरलेल्या एका उघड्या हाताच्या टोकाला. ज्या हाताला दुसरा कोणताही आधार नाही, त्याच्या बोटाखाली केसाच्या स्पर्शाने सुटणारा चाप देऊ नये, असा शहाणपणा या अटीमागे मला दिसतो.

तपासणीची पद्धत पाहण्यासारखी असते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी उभी धरून, चापाच्या मध्यभागी धारेसारख्या कडेचा एक आकडा अडकवितात. त्या आकड्याला ५०० ग्रॅमचे ठोकळ वजन लोंबत असते आणि ते मेजावर टेकलेले असते. मग पिस्तूल सावकाश वर उचलावयाचे. वजन मेजापासून सुटून अधांतरी आले आणि चाप तसाच राहिला, तर पिस्तूल उत्तीर्ण. 'टक्' असा आवाज येऊन वजन मेजावरच राहिले, तर अनुत्तीर्ण. तीन प्रयत्नांची मुभा असते. काटा फिरणारी स्प्रिंगेची तराजू येथे चालत नाही, आणि हवाई पिस्तुलाची चाचणी त्यात हवेचा दाब चढविलेला असतानाच घेतात. कारण दाब नसताना मोजलेले वजन आणि प्रत्यक्ष बार टाकतानाचे वजन एकच असेल, असा भरवसा नाही. स्पर्धेपूर्वीची ही तपासणी पार पडली म्हणजे काम संपले असे नसते. स्पर्धेनंतर चिठ्ठी टाकून निवडलेल्या नेमबाजांची पिस्तुले पुन्हा तपासली जातात, आणि त्या वेळी वजन कमी भरले, तर कितीही गुण मिळविलेले असोत, खेळाडू बाद होतो.

५०० ग्रॅम म्हणजे किती, हे बोटाला कळावे म्हणून मी एक उपाय करतो. हवाई पिस्तुलाचा ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि डब्यात ५०० छर्रे येतात. तेव्हा दोन भरलेले डबे म्हणजे चापाच्या किमान वजनाचा शिशातला अवतार. ज्या छर्ऱ्याला सोडावयाचे, त्याच्या हजारपट भार बोटाने पेलावयाचा, असे हे प्रमाण आहे. परंतु याहून महत्त्वाचे प्रमाण दुसरे आहे. स्पर्धेतील हवाई पिस्तूल नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत चालते, आणि प्रत्यक्षात ते बहुधा एक किलोच्या आसपास असते. म्हणजे चाप दाबताना बोट पिस्तुलाला मागे ढकलते, तो जोर पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मा असतो. २५ मीटरच्या पिस्तुलात तर तो जवळजवळ वजनाएवढाच होतो. इतका मोठा जोर जर नळीच्या रेषेत, अगदी सरळ मागे गेला, तर तळहाताने तो आपोआप झेलला जातो आणि काही बिघडत नाही. पण तो पाच अंशांनी जरी कडेला कलला, तरी ५०० ग्रॅमांपैकी सुमारे ४४ ग्रॅम पिस्तुलाला बाजूला ढकलण्यात खर्च होतात.

आणि बाजूला ढकलले जाणे म्हणजे काय, तेही पाहू. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी एक मिलिमीटर सरकल्याने १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर सरकतो, आणि ज्या बाराला दहा मिळावयाचे, त्याला सात मिळतात. एक मिलिमीटर! वहीच्या रेघेवर ठेवलेल्या पेन्सिलीचे टोक त्याहून जास्त हलते. तरीही नवा नेमबाज आपल्या हातातील थरथरीला दोष देत राहतो. थरथर सर्वांच्या हातात असते, जगज्जेत्यांच्याही. ती एका लहानशा क्षेत्रात फिरत राहते आणि तिच्याने फार तर नऊ-दहाचे अंतर पडते. सहा आणि सात गुणांचे बार बहुधा थरथरीतून येत नाहीत. ते चापातून येतात.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा प्रसंग येथे सांगितला पाहिजे. वडील रापणीवर जाणारे, मुलगी नववीत, अंगकाठी बारीक, पण नजर आणि चिकाटी अशी, की संध्याकाळी हॉलाचे दिवे मालवण्याची वेळ आली तरी तिचे कोरडे, म्हणजे छर्ऱ्याविना चाप दाबण्याचे, सराव संपत नसत. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ह्यो ट्रिगर माका जड लागता. जरा हलको करा." हलका करणे शक्यच नव्हते, पिस्तूल आधीच ५१० ग्रॅमवर होते. मी छर्ऱ्यांचे दोन डबे कापडी पिशवीत घातले आणि म्हटले, "बाय, आधी ह्ये दोन डबे बोटाक टांगून बघ, मगे सांग." तिने तर्जनीच्या पेरावर पिशवी अडकविली, वरखाली केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले, ते मला अजून आठवते. घरी विहिरीतून कळशी शेंदणाऱ्या मुलीला तो भार काहीच नव्हता. मग जड काय लागत होते?

मी तिचा हात पिस्तुलावर ठेवून बाजूने पाहिले. लाकडी मूठ मोठ्या माणसाच्या तळव्यासाठी कोरलेली. तिच्या तळव्यात ती भरत नव्हती, म्हणून मूठ स्थिर ठेवण्यासाठी ती करंगळी आणि अनामिका आवळून धरीत होती. चापाचे पाते तिच्या बोटाच्या मानाने पुढे असल्यामुळे पेराचा मधला मऊ भाग तेथपर्यंत पोहोचत नव्हता. टोकाची कड कशीबशी टेकत होती, आणि दाब सरळ मागे न जाता डावीकडे तिरपा जात होता. ज्या बोटाने एकटे काम करावयाचे, त्याच्या मदतीला सारी मूठ धावत होती, आणि म्हणून तिचे बार एकामागून एक डावीकडे खाली जात होते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे बार डावीकडे खाली जाऊ लागले, म्हणजे हात आवळला जातो आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

मुठीच्या पोकळ भागात लाकडाच्या भुश्शाची लांबी भरून ती तिच्या तळव्याच्या बेताची केली, चापाचे पाते त्याच्या खोबणीत सहा मिलिमीटर मागे सरकविले आणि अगदी थोडे वळविले, की दाब नळीच्या रेषेत यावा. वजनाच्या स्क्रूला हात लावला नाही; वजन पुन्हा टांगून पाहिले, ते तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी दहा बार टाकून झाल्यावर ती वळली आणि म्हणाली, "सर, आता हलको झालो." तिला मी खरे काय ते सांगितले, तेव्हा तिने स्वतः वजन लावून खात्री करून घेतली, तशी खात्री करून घेणारा विद्यार्थी मला फार आवडतो. चाप जड आहे, ही तक्रार दहांपैकी नऊ वेळा मुठीची, पात्याच्या जागेची किंवा बोटाच्या कोनाची असते, असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे, आणि कोणीही वजन बदलावयास निघाला, की मी प्रथम त्याचा हात पाहतो.

यात तरफेचा नियमही आहे. चाप हा एका खिळीभोवती फिरतो. खिळीपासून जितक्या दूर बोट टेकवाल, तितका कमी जोर लागतो आणि तितके जास्त अंतर सरकावे लागते. म्हणून तपासणीत वजन मध्यभागी टांगतात, आणि म्हणूनच आज पात्याच्या तळाशी व उद्या मध्यावर बोट ठेवणारा नेमबाज दोन निराळ्या वजनांच्या चापांवर सराव करीत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

येथून निवडीचा खरा भाग सुरू होतो. नियमाने एकूण वजन ठरविले आहे. ते वजन कसे वाटावयाचे, ते नेमबाजाच्या अखत्यारातले आहे. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो काही भाराने काही अंतर मागे येतो आणि एका स्पष्ट भिंतीला टेकतो. त्या भिंतीवर आणखी थोडा दाब वाढला, की सुटतो. दोन्ही मिळून ५०० भरले म्हणजे झाले. कोणी ३०० आणि २०० असे वाटतो, कोणी ३५० आणि १५०, कोणी ४०० आणि १००. १९व्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर याने स्पर्शाचे जे प्रयोग केले, त्यांचा निष्कर्ष असा, की भारातील वाढ आपल्याला कळते ती मूळ भाराच्या प्रमाणात. हातावर आधीच पुष्कळ भार असेल, तर लहानशी भर जाणवत नाही. हा निष्कर्ष चापाला लावून पाहावा. पहिल्या टप्प्यावर ४५० ग्रॅम ठेवून दुसऱ्यावर ५० ठेवले, तर भिंत बोटाला पुसट लागते, आणि उत्साहाच्या किंवा भीतीच्या भरात बोट ती न जाणवताच ओलांडते. बार नेमबाजाच्या आधी निघून जातो. उलट पहिल्या टप्प्यावर फार थोडे ठेवले, तर भिंत पर्वतासारखी उभी राहते, नेमबाज तिच्यापुढे थांबतो, विचार करतो, माशी खाचेत उत्तम दिसण्याची वाट पाहतो, आणि 'आता' असे मनात म्हणून दाबतो. ते 'आता' म्हणजेच हिसका. नवशिक्याला मी ३०० आणि २०० च्या आसपास सुरुवात करून देतो, कारण त्याला भिंत कुठे आहे हे कळणे आवश्यक असते. पुढे बोट शहाणे झाले, की तो स्वतःच पहिल्या टप्प्याकडे भार सरकवू लागतो.

सुटण्याच्या प्रकृतीतही दोन पंथ आहेत. किनाऱ्यावरच्या सुरूची वाळलेली काडी जशी काही न वाकता कट्कन मोडते, तसा चाप काहींना हवा असतो. काहींना ओल्या वाळूवरून होडीचा तळ सरकावा तसा, सरकता सरकता सुटणारा. माझे मन दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, विशेषतः ज्यांना बार सुटण्याच्या क्षणाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी. कारण क्षणच स्पष्ट नसला, म्हणजे त्याची धास्ती घ्यावयाला मनाला जागा राहत नाही. तोड्याच्या बंदुकीच्या शिलेदाराला जे सक्तीने करावे लागे, ते येथे स्वेच्छेने स्वीकारलेले असते. चाप सुटल्यानंतर बोट किती पुढे धडकते, हेही आवरावे लागते. त्यासाठी मागे एक थांबा असतो, आणि तो इतका घट्ट करू नये, की धुळीचा एखादा कण अडकून बारच न निघावा.

मग ५०० च्या वर जावे काय? जावे, असे मी निःसंकोच सांगतो. ५० मीटरच्या मुक्त पिस्तुलाला वजनाची किमान अटच नव्हती, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळला गेलेला तो प्रकार यासाठी उपयुक्त साक्षीदार आहे: जेथे शून्याजवळ जाण्याची मुभा होती, तेथेही अनुभवी नेमबाज बोटाला चापाचे अस्तित्व कळेल एवढे वजन राखीत. ज्या चापाला बोट भीते, त्यावर ते आधी टेकतच नाही. माशी नीट दिसेपर्यंत दूर राहते आणि मग झडप घालते. ज्या चापावर बोट निर्धास्त विसावू शकते, त्यावर दाब सावकाश, अखंड, श्वासासारखा वाढत जातो. म्हणून घाबरट स्वभावाच्या, थंड बोटांच्या किंवा घामट हातांच्या नेमबाजाने ५४० किंवा ५६० ग्रॅम ठेवले, तर त्याचे गुण वाढलेले मी पाहिले आहेत.

नियमापेक्षा थोडे अधिक ठेवण्याचे दुसरे कारण या किनाऱ्याने मला शिकविले. मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत येथील हवा ओलसर आणि खारट असते. पोलादाच्या ज्या बारीक कडेवर चाप अडलेला असतो, तिच्यावर आणि खिळीवर घातलेले तेल धूळ व ओल घेऊन चिकट बनते, आणि घर्षण वाढल्यामुळे चाप हळूहळू जड होतो. एका पावसाळ्यात माझे पिस्तूल असेच ५२५ वर गेले. कारणाचा शोध न घेता मी स्क्रू फिरवून ते ५०३ वर आणले, आणि घाट चढून एका स्पर्धेला निघण्याच्या आदल्या रात्री, यंत्राची सेवा करावी या सद्भावनेने, सारे जुने तेल पुसून नवे पातळ तेल घातले. घर्षण गेले, आणि जे वजन घर्षणाने उसने दिले होते, तेही गेले. तपासणीच्या मेजावर तिन्ही वेळा 'टक्' झाले. स्क्रू अर्धा फेरा आवळून पिस्तूल पुन्हा दाखविता आले आणि मी खेळलो. पण सहा महिने ज्या चापावर सराव केला, तो माझ्या हातात नव्हता, आणि त्या दिवशीचे गुण तसेच आले. तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा: आधी साफसफाई, मग चार-पाचशे कोरडे बार, मग मोजणी, आणि मोजणीनंतर स्पर्धेपर्यंत तेलाच्या कुपीला स्पर्श नाही. वजन ५१० ते ५२० च्या दरम्यान. मोजण्याचे पितळी वजन बाजारातील सोनाराच्या काट्यावर वर्षातून एकदा तपासून घेतो, कारण आपल्या घरचे ५०० आणि स्पर्धेतले ५०० यांत दोन ग्रॅमचा फरक पडला, तर त्याचा दंड आपल्यालाच भरावा लागतो. विजेवर चालणारे ट्रिगर आले आहेत, त्यांत घर्षणाचा उपद्रव कमी. पण खाऱ्या हवेत विजेच्या जोडण्यांची निगा वेगळी राखावी लागते, आणि वजनाची अट त्यांनाही तीच.

२५ मीटरच्या पिस्तुलाचा विचार निराळा करावा लागतो, आणि तो करताना आमच्या घाटापलीकडील कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या पिस्तूल प्रकारातील पहिल्या भारतीय. आणि २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या नाफास्वान यांगपाईबून यांच्याशी ३४ गुणांवर बरोबरी झाली, आणि फैसला होण्यासाठी पाच-पाच बारांच्या दोन जादा फेऱ्या घ्याव्या लागल्या. या प्रकारात हात ४५ अंशांवर खाली ठेवून उभे राहावयाचे. लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुले होते. तेवढ्यात हात वर न्यावयाचा, माशी खाचेत आणावयाची आणि एकच बार टाकावयाचा. मग सात सेकंद विश्रांती, आणि पुन्हा तेच. येथे चाप १००० ग्रॅमचा. तीन सेकंदांत एक किलोचा भार शून्यापासून उचलावयाचा असेल, तर तो ओढल्यासारखाच होणार. म्हणून हात वर जात असतानाच बोट पहिला टप्पा संपवून भिंतीशी जाऊन थांबते, आणि त्यासाठी भाराचा मोठा वाटा, ७०० किंवा ८०० ग्रॅम, पहिल्या टप्प्यावर ठेवणे सोयीचे पडते. हाताच्या मोठ्या हालचालीत तो भार लपून जातो, आणि वर पोहोचल्यावर बोटाला दोन-तीनशे ग्रॅमांचेच काम उरते. पालेमबांगच्या त्या जादा बारांत प्रत्येक वेळी तीन सेकंदांच्या आत हा सारा व्यवहार बिनचूक पार पडत होता, हे लक्षात घेऊन त्या फेरीचे चित्रण पाहिले, म्हणजे त्या पदकाची थोरवी निराळी कळते.

आमच्या हॉलात दहा मीटरच मावतात, आणि २५ मीटरचे पिस्तूल परवान्याशिवाय हाती येत नाही. परंतु मागच्या मे महिन्यात ती रापणीवाल्याची मुलगी, जी आता बारावीत आहे, दार उघडण्याच्या आधीच पायरीवर येऊन बसली होती. तिच्या जवळ जुनीच कापडी पिशवी होती, बंद शिवून घट्ट केलेली. "सर, माका आणखी दोन डबे होये," ती म्हणाली. मी कपाट उघडून दोन डबे दिले. तिने चारही पिशवीत घातले, उजवा हात ४५ अंशांवर धरला, पिशवीचा बंद तर्जनीच्या पेरावर, नेमका नखाच्या मागच्या मऊ जागी, बसविला, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत हात सावकाश वर नेऊ लागली.